तुम्ही विचारलंत म्हणून: जपानमध्ये ९९ टक्के, मग आपल्याकडे का नाही?

"जपानमध्ये शंभरातल्या नव्व्याण्णव आरोपींना शिक्षा होते, आपल्याकडे निम्मे सुटतात. आपलं चुकतं कुठे?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी, इतक्या वेळा विचारलाय की आता एकदाच सगळं लिहून काढतो. दोन वाक्यांत उत्तर दिलं की समोरच्याला वाटतं, मी आपल्या व्यवस्थेची वकिली करतोय. ती मला करायची नाही. आपल्या कोर्टांत काय चालतं ते तुम्ही जाणता, तारखांचं पुराण इथे पुन्हा लावत नाही.

आधी कबुली. दोन्ही आकडे खरे आहेत. दंड संहितेखालच्या गुन्ह्यांत २०२२ साली भारतात दोषसिद्धीचं प्रमाण ५४.२ टक्के होतं, बलात्काराच्या खटल्यांत तर २७ टक्क्यांच्या आसपास. जपानचा आकडा ९९ च्या वर आहे आणि कित्येक दशकं तिथेच आहे. माझं भांडण आहे ते छेदाशी. कशाला कशाने भागलं, हे विचारल्याशिवाय या दोन टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी ठेवताच येत नाहीत.

आपल्याकडचा छेद म्हणजे त्या वर्षी सुनावणी पूर्ण झालेले खटले. जे पडून आहेत ते त्यात नाहीत. पोलिसांनी 'अ समरी' करून बंद केलेले, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असे, त्यात नाहीत. 'ब समरी', म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, आणि 'क समरी', म्हणजे गैरसमजातून दिलेली तक्रार किंवा मुळात दिवाणी वाद, हेही नाहीत. एनसी, म्हणजे अदखलपात्र म्हणून लिहून घेतलेल्या तक्रारी तर इथवर येतच नाहीत. शिवाय खटला मोजायचा की माणूस, हाही प्रश्न आहे. एका खटल्यात दहा आरोपी, एकाला शिक्षा लागली आणि नऊ सुटले, तर ते यश की अपयश? आपल्या सरकारी गुन्हे-आकडेवारीच्या अहवालात खटल्यांचा तक्ता वेगळा असतो आणि व्यक्तींचा वेगळा. बहुतेक लोक पहिला उचलतात आणि त्याच्यापुढे दुसऱ्या देशाचा माणसांचा आकडा लावतात.

आता खरा मुद्दा, चाळणीचा. तक्रारीपासून निकालापर्यंत प्रत्येक देशात प्रकरणं गळत जातात. फरक एवढाच की कुठे गळतात आणि चाळणी कोणाच्या हातात असते.

आपल्याकडे दोषारोपपत्र दाखल करायचं की नाही, हे पोलीस ठरवतात. सरकारी वकिलाला तो अधिकार नाही. तपास अधिकाऱ्याने सरकारी वकिलाचं मत घेऊन त्याप्रमाणे अहवाल द्यावा, असा आदेश देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला खटल्यात स्पष्ट सांगितलं. पुढे आरोप निश्चित करताना न्यायाधीश आरोपीला दोषमुक्त करू शकतात, पण त्या टप्प्यावर फक्त प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, एवढंच बघायचं असतं. म्हणजे मधे घट्ट विणीची चाळणीच नाही. कच्चं प्रकरणही सुनावणीपर्यंत जातं आणि शेवटी कोर्टात पडतं. आपला सगळा कचरा शेवटच्या भांड्यात दिसतो.

जपानमध्ये चाळणी सरकारी वकिलाच्या हातात आहे आणि ती फार बारीक आहे. तिथल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २४८ सांगतं की आरोपीचं वय, स्वभाव, परिस्थिती, गुन्ह्याचं गांभीर्य आणि गुन्ह्यानंतरचं वागणं बघून सरकारी वकील खटला न भरण्याचा निर्णय घेऊ शकतो. पुरावा पुरेसा असला तरीही. नुकसानभरपाई दिली, माफी मागितली, फिर्यादीचं समाधान झालं, की पुष्कळ प्रकरणं तिथेच थांबतात. ज्यात हरण्याची थोडीही शक्यता आहे ते तर पुढे जातच नाही. सरकारी वकिलापर्यंत आलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यावरच खटला भरला जातो.

हिशेब समजावा म्हणून ढोबळ आकडे घ्या. दोन देशांत प्रत्येकी १,००० प्रकरणं. पहिल्यात सरकारी वकील ३५० पुढे पाठवतो, त्यातल्या ३४७ मध्ये शिक्षा होते. ९९ टक्के. दुसऱ्यात पोलीस ७१० प्रकरणांत दोषारोपपत्र ठेवतात (२०२२ साली आपल्याकडे दोषारोपपत्राचं प्रमाण ७१.३ टक्के होतं, म्हणून हा आकडा) आणि ५४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ३८५ मध्ये शिक्षा होते. त्याच हजारांतून शिक्षा दुसऱ्या देशात जास्त झाल्या! प्रत्यक्षात आपले ७१० एका वर्षात निकाली निघत नाहीत आणि जपानमध्येही छोट्या गुन्ह्यांना सुनावणीशिवाय दंडाची वाट आहे, तेव्हा हा खराखुरा ताळेबंद धरू नका. पण टक्केवारी एकटी काही सांगत नाही, हे एवढ्यावरून दिसावं.

अजून एक गोष्ट त्या ९९ मध्ये मुरलेली आहे. जपानमध्ये 'गुन्हा कबूल' म्हटलं की सुनावणी संपली, असं नसतं. कबूल करणाऱ्याचाही खटला चालतो, कारण केवळ कबुलीवर दोषी ठरवायला कायद्याने मनाई आहे. बहुसंख्य आरोपी कबुली दिलेलेच असतात आणि ते सगळे त्या छेदात मोजले जातात. अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयांकडे याच नजरेने बघा. २०१८ साली तिथे सुमारे ८०,००० आरोपी होते. ९० टक्क्यांनी गुन्हा कबूल केला, ८ टक्क्यांवरचे आरोप रद्द झाले आणि फक्त २ टक्क्यांची सुनावणी झाली. सुनावणी होऊन निर्दोष सुटले ३२०. रद्द झालेले वगळून शिक्षा विरुद्ध सुटका एवढंच मोजलं तर अमेरिकाही ९९ च्या वर जाते. पण 'अमेरिकेसारखं ९९ टक्के हवं' असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही, कारण तिथला आकडा त्या रूपात छापला जात नाही.

इथवर मी ठाम आहे. पुढे तितका नाही.

कित्येक वर्षं माझंही म्हणणं हेच होतं की चाळणी पोलिसांकडून काढून सरकारी वकिलाकडे द्या, म्हणजे कच्ची प्रकरणं आधीच थांबतील, निरपराध माणूस वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार नाही आणि न्यायाधीशांना खऱ्या खटल्यांना वेळ मिळेल. इंग्लंडचं उदाहरण मी हमखास द्यायचो. तिथे १९८६ पासून स्वतंत्र अभियोग सेवा आहे आणि ती दोन प्रश्न विचारते: दोषसिद्धीची वास्तव शक्यता आहे का, आणि खटला चालवणं लोकहिताचं आहे का. तर्क अजूनही चुकीचा वाटत नाही. पण चाळणीतून जे पुढे जातं त्याच्याबद्दल कोर्टाला संशयच उरला नाही तर काय होतं, याचा विचार मी केला नव्हता. तो इवाओ हाकामाता यांच्या खटल्याने करायला लावला.

३० जून १९६६. जपानच्या शिझुओका प्रांतात मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण) बनवणाऱ्या एका कंपनीचा संचालक, त्याची बायको आणि दोन मुलं भोसकून मारली गेली आणि घराला आग लावली गेली. हाकामाता त्याच कंपनीत कामगार होते, पूर्वी व्यावसायिक मुष्टियोद्धा होते. १८ ऑगस्टला अटक झाली. जपानमध्ये खटला भरण्याआधी २३ दिवस कोठडीत ठेवता येतं: पोलिसांचे ४८ तास, सरकारी वकिलाचे २४, मग न्यायाधीशाच्या परवानगीने १० आणि आणखी १० दिवस. तोवर जामिनाची सोयच नाही आणि चौकशीच्या खोलीत वकिलाला बसू दिलं जात नाही. हाकामातांची चौकशी रोज सरासरी बारा तास चालली. विसाव्या दिवशी, ६ सप्टेंबरला, त्यांनी कबुली दिली. तेविसाव्या दिवशी खटला दाखल झाला.

कबुलीत खुनाच्या वेळी अंगात पायजमा होता असं होतं. सरकारचा खटलाही पायजम्यावरच उभा होता. कोर्टात त्यांनी कबुली नाकारली. मग खुनानंतर १४ महिन्यांनी, ऑगस्ट १९६७ अखेर, कारखान्यातल्या मिसोच्या टाकीत एका गोणपाटात रक्ताळलेले पाच कपडे सापडले. सरकारी पक्षाने पायजमा सोडला आणि हे कपडे धरले. न्यायालयाने ४५ कबुलीजबाबांपैकी ४४ फेटाळले आणि एक ठेवला. ११ सप्टेंबर १९६८ ला फाशी सुनावली. तीन न्यायाधीशांपैकी नोरिमिची कुमामोतो यांना आरोपी निर्दोष वाटत होता, पण बहुमत विरुद्ध गेलं आणि निकाल लिहिण्याचं काम त्यांच्याकडेच आलं. पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला, आणि हे उघडपणे बोलले २००७ साली.

त्या कपड्यांकडे जरा जवळून बघा. अपिलात त्यातली पँट हाकामातांना घालून पाहिली, ती मांडीच्या वर चढेना. सरकारी पक्ष म्हणाला, मिसोत भिजून वाळल्यावर आटली असेल, पँटच्या लेबलवरचं 'बी' हे अक्षर मोठ्या मापाचं आहे. ते अक्षर मापाचं नव्हतं, रंगाचं होतं. तसं सांगणारा कागद सरकारी पक्षाकडेच होता, बचाव पक्षाच्या हाती पडायला दशकं गेली. दुसरी गोष्ट रक्ताच्या रंगाची. कपडे सापडले तेव्हा डाग लालसर असल्याची नोंद आहे. मिसो खारट आणि आंबलेलं. बचाव पक्षाने कापडावर रक्त लावून ते मिसोत पुरून ठेवलं. एवढ्या महिन्यांत लाली जाते, डाग काळपट तपकिरी होतो. म्हणजे चौदा महिने मिसोत राहिलेल्या रक्ताने लाल दिसायलाच नको होतं.

१९८० मध्ये फाशी कायम झाली. जपानमध्ये कैद्याला फाशीची वेळ त्याच दिवशी सकाळी, काही तास आधी सांगतात. म्हणजे रोजची सकाळ तशी. त्यांचं मन त्यात ढासळलं. थोरली बहीण हिदेको बाहेरून लढत राहिली. २०१४ मध्ये फेरखटल्याचा आदेश झाला आणि ते तुरुंगाबाहेर आले, २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने आदेश फिरवला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं, २०२३ मध्ये फेरखटला नक्की झाला आणि २६ सप्टेंबर २०२४ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते निर्दोष ठरले. कबुली अमानुष चौकशीतून काढलेली, पाच कपडे आणि त्यांच्या आईवडिलांच्या घरात 'सापडलेला' पँटचा तुकडा बनावट, असं न्यायालयाने म्हटलं. सर्वोच्च सरकारी वकिलांनी अपील करणार नाही असं जाहीर केलं, पण पुरावे बनवले हा निष्कर्ष मान्य नसल्याचंही त्याच निवेदनात नोंदवलं.

वर्षाकाठी जेमतेम एखादा टक्काही आरोपी जिथे सुटत नाहीत, तिथल्या न्यायाधीशाला कोणाला सोडताना कसं वाटत असेल? समोरचा माणूस सरकारी वकिलाने इतकं पारखून पाठवलाय, तर असेलच दोषी. ४५ पैकी ४४ जबाब फेकून एक ठेवण्यामागे मला हेच दिसतं.

याच ठिकाणी आपल्या कायद्याची बाजू मी मनापासून घेतो. पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होता आणि आताच्या साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. कबुलीतून जी वस्तू सापडली तेवढ्यापुरता भाग चालतो, बाकी नाही. 'या नियमामुळे गुन्हेगार सुटतात' असं ऐकलं की मला ती मिसोची टाकी आठवते. जपाननेही जून २०१९ पासून गंभीर खटल्यांत चौकशीचं चित्रीकरण सक्तीचं केलं.

पण मग आपले ४६ टक्के सुटतात ते सगळे निरपराध म्हणून? नाही, आणि तसं म्हणून मी स्वतःला फसवणार नाही. साक्षीदार फितूर होतात. पंच कोर्टात सांगतो की सही घेतली, आत काय लिहिलं ते माहीत नाही. मुद्देमालाच्या सिलावरचा नंबर आणि प्रयोगशाळेच्या अहवालातला नंबर जुळत नाही. तपास अधिकाऱ्याची बदली होते आणि तो साक्षीला सहा वर्षांनी येतो. यातल्या प्रत्येक सुटकेमागे कोणीतरी फिर्यादी आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं आणि सगळ्याच गुन्ह्यांत झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं घातलंय (तज्ज्ञांच्या भेटीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे). पंचनाम्याचा घोळ यानेच कमी होईल, कबुलीने नाही.

त्याच संहितेच्या कलम २० मध्ये अभियोग संचालनालय आहे, आणि सात ते दहा वर्षं शिक्षेच्या प्रकरणांत उपसंचालकाने पोलीस अहवाल तपासायचा आहे. माझ्या जुन्या मागणीची ही सुरुवात म्हणता येईल. मला ती हवी आहे आणि तिची धास्तीही वाटते. ती चाळणी खरंच घट्ट झाली तर एकही जास्त गुन्हेगार आत न जाता आपली टक्केवारी वर जाईल. तसं झालं की बातमीतला मोठा आकडा बाजूला ठेवून त्याच वर्षीचा दोषारोपपत्रांचा तक्ता आधी उघडा, आणि किती प्रकरणं कोणत्या कारणाने थांबवली ते त्यात लिहिलंय का, तेवढं बघा.