मोहल्ल्याच्या वतीने बसलेला माणूस

रमजानच्या विसाव्या रोजाच्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी एतिकाफला, म्हणजे रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीत राहून इबादत करायला, बसणाऱ्याने मशिदीत दाखल झालेले असावे लागते आणि शव्वाल या पुढच्या महिन्याचा, म्हणजे ईदचा, चंद्र दिसेपर्यंत नैसर्गिक गरजेखेरीज त्याला मशिदीची हद्द ओलांडता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील आम्ही बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे, आणि आमच्या फिकहनुसार, म्हणजे धर्मशास्त्रानुसार, हा एतिकाफ सुन्नत, म्हणजे पैगंबरसाहेबांचा पाळावयाचा परिपाठ, असला तरी त्याची जबाबदारी सामुदायिक आहे. मोहल्ल्यातील एक माणूस जरी बसला तरी सर्वांच्या डोक्यावरचा भार उतरतो. कोणीच बसले नाही, तर सुन्नत सोडल्याचा दोष साऱ्या मोहल्ल्यावर येतो. एकांतातील इबादतीला अशी सामुदायिक जबाबदारी जोडलेली असावी, ही गोष्ट मला नेहमीच फार मोठी वाटत आली आहे.

आमचे गाव तासगाव तालुक्यात आहे. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. काही वर्षांपूर्वी तो जून-जुलैत, पेरणीच्या धांदलीत येत असे. 2024 आणि 2025 साली तो मार्चमध्ये, म्हणजे द्राक्षांची काढणी आणि बेदाण्याची शेडे ऐन भरात असताना आला. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने हंगामातील दहा दिवस सोडून मशिदीत बसायचे म्हणजे घरात दहा दिवसांची मजुरी येणार नाही. त्यामुळे पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा दिवस, संपत आला की जमातीच्या बैठकीत ‘यंदा कोण बसणार?’ हा प्रश्न निघतो आणि थोडा वेळ सगळे एकमेकांकडे पाहत राहतात. पैसे देऊन कोणाला बसवता येत नाही, कारण इबादतीची मजुरी ठरवणे नाजायज आहे. मात्र जो बसेल त्याच्या घरी चूल पेटती राहील, त्याचे जनावर उपाशी राहणार नाही आणि त्याचे आजारी मूल दवाखान्यात पोहोचेल, हे पाहण्यापासून मोहल्ल्याला कोणी अडवलेले नाही. माझ्या मते जो मोहल्ला एवढेही करत नाही, त्याने दुसऱ्याच्या बसण्यावर स्वतःची सुटका करून घेऊ नये.

2025 साली आमच्याकडे बेदाण्याच्या शेडवर काम करणारे एक वयस्क चाचा बसले. 21 मार्चला, शुक्रवारी, असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर ते एक वळकटी, पाण्याचा तांब्या, कुरआन आणि औषधांची पिशवी घेऊन आले. इमामसाहेबांनी त्यांना मशिदीची हद्द दाखवली. जिथे नमाज होते तेवढा भाग मशीद. वजूखाना (नमाजपूर्वी हातपाय धुण्याची जागा), चपला काढण्याची जागा आणि अजान देणाऱ्या मोअज्जिनची खोली हे सारे हद्दीबाहेर. वजू करायला जाता येते, पण गप्पा मारायला वजूखान्याच्या कट्ट्यावर टेकले तरी सुन्नत एतिकाफ मोडतो. केवळ उकडते म्हणून अंघोळीला बाहेर पडण्याचीही परवानगी नाही, आणि आमच्याकडचा मार्च कसा असतो हे सांगायला नको. चाचा पंचा ओला करून पिळून आणत आणि दुपारी तो मानेवर ठेवून तिलावत, म्हणजे कुरआनचे पठण, करत. त्यांच्या कोपऱ्याला दोन खांबांमध्ये नायलॉनची दोरी बांधून जुनी चादर लावली होती. नमाजसाठी जमात उभी राहण्याच्या वेळी ती चादर दोरीवर एका बाजूला सरकवली जाई आणि नमाज संपली की पुन्हा पसरली जाई.

चादरीआडच्या दिवसाला आपली एक शिस्त असते. उत्तररात्रीची तहज्जुदची नमाज, सहरी, पहाटेची फजर, सूर्य वर आल्यावर इशराकची नमाज, मग थोडी झोप. दुपारच्या जुहरनंतर तिलावत, असरनंतर तस्बीह (जपमाळ) आणि दुआ, इफ्तारीनंतर मगरिबची नमाज, आणि रात्री इशाची नमाज व रमजानमधील तरावीहच्या वीस रकात (नमाजची आवर्तने). सहरीचा डबा रोज वेगळ्या घरून येई. कोणाकडून चपाती आणि दूध, कोणाकडून खिचडी आणि खिमा, आणि इफ्तारीच्या ताटात खजुराबरोबर कोणाच्या ना कोणाच्या बागेतील द्राक्षांचा घड असेच. डबा आणणारी पोरे चादरीजवळ येऊन दबक्या आवाजात ‘चाचा, माझ्या परीक्षेसाठी दुआ करा’ असे सांगून जात. मार्च अखेरचे दिवस असल्यामुळे परीक्षांच्या दुआ बऱ्याच होत्या, आणि चाचा त्या सगळ्या लक्षात ठेवत.

या दहा दिवसांचा गाभा शब-ए-कद्र ही रात्र आहे. कुरआनच्या सत्त्याण्णवाव्या सूरेत ही एक रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ सांगितली आहे. हजार महिने म्हणजे 83 वर्षे आणि 4 महिने, एका माणसाचे आयुष्य. ती शेवटच्या अशऱ्यातील विषम रात्रींमध्ये, म्हणजे 21, 23, 25, 27 किंवा 29 च्या रात्री शोधावी असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचन-आचरणाच्या नोंदींत, येते. आमच्याकडे सत्ताविसाव्या रात्री मशीद भरून वाहते आणि बाकीच्या रात्री रांगा विरळ होतात, याचे मला वाईट वाटते. पैगंबरसाहेबांचे सोबती अबू सईद खुदरी यांनी सांगितलेली हदीस मला या संदर्भात फार प्रिय आहे. पैगंबरसाहेबांनी आधी रमजानचे पहिले दहा दिवस एतिकाफ केला, मग मधले दहा, आणि ती रात्र शेवटच्या दहांत आहे असे कळल्यावर सोबत्यांना पुन्हा बसायला सांगितले. त्या रात्री आपण पाण्यात आणि चिखलात सजदा करत आहोत, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवत आहोत, असे त्यांना स्वप्नात दिसले होते. एकविसाव्या रात्री पाऊस पडला, मदिनेच्या मशिदीचे खजुराच्या झावळ्यांचे छप्पर गळू लागले, आणि सकाळच्या नमाजनंतर अबू सईद यांनी पैगंबरसाहेबांच्या कपाळावर आणि नाकावर चिखल पाहिला. हजार महिन्यांहून मोठ्या रात्रीची ही खूण वाचताना माझे मन दरवेळी भरून येते.

पैगंबरी मिळण्यापूर्वी पैगंबरसाहेब हिराच्या गुहेत, मक्केबाहेरच्या डोंगरावर, एकटे राहत असत. मदिनेत आल्यानंतरचा एकांत मात्र त्यांनी मशिदीत, लोकांच्या मध्ये घेतला. त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांची खोली मशिदीला लागून होती. एतिकाफमध्ये असताना ते डोके खोलीच्या बाजूला करत आणि त्या त्यांचे केस विंचरून देत. दुसऱ्या पत्नी हजरत सफिया रात्री भेटायला आल्या, तेव्हा काही वेळ त्यांच्याशी बोलून त्यांना दारापर्यंत पोहोचवायला ते उठले. एतिकाफ म्हणजे माणसांकडे पाठ फिरवणे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी या दोन प्रसंगांवर विचार करावा. माणसांपासून दूर जाण्याऐवजी त्यांच्या हाकेच्या अंतरावर राहून मन अल्लाहकडे लावायचे, हे मला डोंगरावर जाण्यापेक्षा अधिक कठीण वाटते.

ते किती कठीण आहे हे आम्ही त्या वर्षी पाहिले. शेवटच्या अशऱ्यातच चाचांचे लहानपणापासूनचे दोस्त वारले. मशिदीच्या माइकवरून इंतकालची बातमी दिली गेली, जनाजा मशिदीसमोरून कब्रस्तानकडे गेला, आणि चाचा आतच राहिले. जनाज्यासाठी बाहेर पडले असते तर त्यांचा सुन्नत एतिकाफ मोडला असता, आणि तो केवळ त्यांच्या एकट्याचा नव्हता. ते चादर बंद करून बराच वेळ कुरआनमधील यासीन ही सूरा पढत होते. मिट्टी देऊन, म्हणजे दफन करून, परतलेली माणसे एकेक करून आत येऊन त्यांच्याजवळ बसली. कोणी कबरीवर किती गर्दी होती ते सांगितले, कोणी मुलांची विचारपूस केल्याचे सांगितले. त्यांच्या वाटची मूठभर माती टाकली असल्याचे एका तरुणाने सांगितले, तेव्हा चाचांनी त्याचा हात काही क्षण धरून ठेवला.

मोबाइलविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. अलार्मसाठी किंवा घरी तातडीचा निरोप देण्यासाठी फोन जवळ ठेवण्यात गैर काही नाही, परंतु चादरीआडचा फोटो काढून तो स्टेटसवर लावणाऱ्या तरुणाने मोहल्ल्याला आत बोलावले आणि स्वतः बाहेर गेला, असेच म्हणावे लागेल. घरच्यांनीही क्षुल्लक कारणासाठी फोन करू नये. सिलिंडर संपला तर तो भरून आणायला शेजारी आहेतच.

स्त्रियांच्या एतिकाफबद्दल आमच्याकडे फारच कमी बोलले जाते. पैगंबरसाहेबांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नींनी एतिकाफ सुरू ठेवला, हे बुखारीच्या हदीस-संग्रहात नोंदलेले आहे. हनफी पंथात स्त्री घरातील नमाजसाठी ठरवलेल्या जागेवर बसते, आणि तेवढी जागा तिची मशीद होते. माझी अम्मी त्याच वर्षी माजघराच्या खिडकीजवळ जानमाज, म्हणजे नमाजची चटई, टाकून बसली. पुरुष मशिदीत बसतो तेव्हा त्याला ताट आयते मिळते. बाई घरात बसते तेव्हा स्वयंपाकघर चार पावलांवर असते आणि ‘मीठ कुठे ठेवलंय?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. म्हणून मी आणि धाकट्या भावाने आधीच तिच्याकडून सगळे डबे समजून घेतले आणि सहरीपासून इफ्तारीपर्यंतचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. ज्या घरातील बाईला एतिकाफची इच्छा आहे, त्या घरातील पुरुषांवर हे काम येते असे मी मानतो.

त्या वर्षी चंद्र 29 रोजांनंतर, 30 मार्चला दिसला. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. गल्लीच्या तोंडाशी शेजाऱ्यांनी सकाळी उभारलेली गुढी उतरवून थोडाच वेळ झाला होता. दहा दिवसांचा म्हणून ओळखला जाणारा एतिकाफ त्यामुळे नऊ रात्रींत पूर्ण झाला, आणि तरीही तो पूर्णच मानला जातो. ईदची रात्रही मशिदीत काढून सकाळी थेट ईदगाहवर, म्हणजे ईदच्या नमाजच्या मैदानावर, जाणे अधिक चांगले समजतात, परंतु चाचा इशानंतर निघाले. जमातीने त्यांना हार घातला, पोरांनी वळकटी उचलली, आणि ते घरी जाण्याआधी दोस्ताच्या मुलांना भेटून आले. आमच्या घरी अम्मी जानमाजवरून उठली आणि नेहमीप्रमाणे शीरखुर्म्याच्या तयारीला लागणार होती. पण खारका भिजत घातलेल्या होत्या, काजू-पिस्ते कापून झाले होते, आणि भावाने तिला दूध किती आटवायचे एवढेच विचारले.