डिस्क भरली, आणि अण्णांची ११२ पानं

रविवार, २२ जून. रात्रीचे साडेअकरा.

सकाळपासून पाऊस थांबायचं नाव नाही, आमचं पत्रिका-फ्लेक्सचं दुकान बंद, म्हणून दरवर्षी जूनमध्ये करते ते काम आज काढलं. बॅकअपची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फाइलींची जादा प्रत ठेवायची, डिस्क एकदा नीट तपासायची आणि पंचगंगेला पाणी चढायच्या आत गडहिंग्लजला माहेरी पाठवून द्यायची. २०१९ च्या ऑगस्टात इथं कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूनं पाणी आत आलं तेव्हा आम्ही प्रिंटर माळ्यावर चढवला आणि सीपीयू टेबलावर ठेवला, टेबलापर्यंत कुठलं पाणी येतंय म्हणून. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका पातळी, त्या वर्षी ५५ फुटांच्या वर गेलं. टेबल, सीपीयू, कपाट, सगळं बुडालं. नंतर नवीन कॉम्प्युटर उधारीवर घेतला पण ही २ टीबीची डिस्क मात्र रोख पैसे देऊन घेतली होती, आधी घेतली होती.

तर आज बघते तर डिस्कवर ३ जीबी शिल्लक. आणि शेवटचा बॅकअप १४ फेब्रुवारीचा! चार महिने झाले. चार महिने मी निवांत झोपत होते की डिस्क लावलेली आहे, लाईट लुकलुकतोय, म्हणजे बॅकअप होतोय. सूचना आल्या असणार, पण काम करताना मध्ये मध्ये येतात म्हणून सगळ्या सूचना मीच बंद केलेल्या. पोटात खड्डा पडला अगदी.

अहो म्हणाले फॉरमॅट मारून पहिल्यापासून घे की. मी म्हटलं थांबा, आधी आत काय आहे ते तरी बघूया. ट्रीसाइज, म्हणजे कशानं किती जागा खाल्लीय ते दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून बघितलं. २ टीबी म्हटलं तरी विंडोजमध्ये १८६२ जीबीच दिसतात, कारण कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं, तेवढं तर मला पूर्वीपासून माहीत होतं. त्यातले ९४० जीबी एकट्या फाइल हिस्ट्रीचे, म्हणजे विंडोजमधली आपोआप बॅकअप घेणारी सोय आहे तिचे. ६१० जीबी जुनी कामं, १४० घरचे फोटो-व्हिडिओ, ९० मोबाईलमधून वेळोवेळी ओतलेलं, बाकी किरकोळ.

९४० कसे झाले ते शोधता शोधता दुपारचं जेवण राहिलं. फाइल हिस्ट्री दर तासाला बघते की कुठली फाइल बदलली, आणि बदलली असेल तर ती अख्खी परत कॉपी करते, नावापुढं तारीख आणि वेळ टाकून. बदललेला तुकडाच नाही, अख्खी फाइल. आता आमचं काम कसं, लग्नपत्रिकेची ८० एमबीची कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल, गिऱ्हाईक समोर बसलेलं, आत्याचं नाव वर घ्या, मामांचं खाली घ्या, दिवसभर हेच, म्हणजे एका पत्रिकेच्या सहा-सात कॉपी सहज. त्यात कोरल स्वतः शेजारी बॅकअप ऑफ म्हणून एक फाइल करतं, तिचाही बॅकअप. आणि किती दिवस ठेवायचं हे मी कधी ठरवलंच नव्हतं, तिथं मुळातच ‘कायमचं’ असतं. पण खरा घोळ जानेवारीतला. वर्ष संपलं म्हणून मी सगळ्या फोल्डरांची नावं बदलून वर्षावार नीट लावली, मला वाटलं शिस्त आली, आणि फाइल हिस्ट्रीला ते सगळं नवीनच वाटलं, परत पहिल्यापासून सगळं कॉपी. महिन्याभरात डिस्क फुल्ल.

हे हातानं फोल्डरमध्ये शिरून डिलीट करायचं नाही, फाइल हिस्ट्रीचा हिशोब चुकतो. कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्ट्री, तिथं ॲडव्हान्स्ड सेटिंग, तिथून जुन्या आवृत्त्या साफ करायचं बटण. एक वर्षापेक्षा जुन्या घालव म्हटलं की प्रत्येक फाइलची शेवटची आवृत्ती ठेवून बाकीच्या जातात. पण तिथंच अजून एक ओळ असते, ती मी तीनदा वाचली, की बॅकअपच्या यादीतून जी फोल्डर काढून टाकलेली आहेत त्यांचं सगळंच जाणार. म्हणून आधी वही घेऊन बसले, कुठली फोल्डर कधी काढली, त्यात काही राहिलंय का. मग बटण दाबलं. बराच वेळ लागला, ५२० जीबी सुटले. आणि यापुढं कायमचं ऐवजी एक वर्ष करून ठेवलं.

मग जुनी कामं. इथं माझा जीव अडकतो. ही कामं कॉम्प्युटरवर नाहीतच, तिथली आतली डिस्क (एसएसडी) २४० जीबीची, म्हणून गेली पाच-सहा वर्षं जुनं झालं की उचलून डिस्कवर टाकत आले. मी त्याला बॅकअप म्हणत होते. पण कॉम्प्युटरवरून काढलं आणि इथंच ठेवलं तर तो बॅकअप कसला, तीच एक प्रत आहे! हे इतकं साधं आहे आणि माझ्या आज दुपारी तीन वाजता लक्षात आलं.

त्यात सगळ्यात जड फ्लेक्सच्या टिफ, म्हणजे छापायला द्यायच्या चित्राच्या फाइली. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स, ७२ रिझोल्यूशन, कॉम्प्रेस न केलेली टिफ केली की एक फाइल ५७० एमबीची. वाढदिवस, मंडळं, फुटबॉलच्या स्पर्धा, कुस्तीची मैदानं, कोल्हापुरात फ्लेक्सला तोटा नाही. प्रेसला दिली, छापली, विषय संपला, मूळ पीएसडी (फोटोशॉपची फाइल) असली की टिफ परत काढता येते. म्हणून टिफ घालवायच्या हे ठरलं. मूळ फाइली नाहीत. आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्समधले फोटो तर अजिबात नाहीत. महापुरानंतर एक बाई आल्या होत्या दुकानात, ताई, मालकांचा फोटो तुमच्याकडं आहे का हो, फ्लेक्सला दिलेला, घरातला पाण्यात गेला. माझा सीपीयूच बुडालेला. नाही म्हणून सांगताना त्यांच्या तोंडाकडं बघवेना. तेव्हापासून कुणी फोटो दिला की मी तो वेगळा ठेवते, २ एमबी जागा जाते, जाऊ दे.

टिफ डिलीट करायला लागले तर जागा तेवढीच. ६० जीबी डिलीट केल्या आणि आकडा हलेना. कळलं की अशा डिस्कवरचं डिलीट केलेलं त्याच डिस्कच्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतं, बिन रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही. बिन रिकामा केला. आणि मग कंटाळून शिफ्ट-डिलीट करायला लागले, म्हणजे बिनमध्ये न जाता थेट. इथं चुकलं. सर्चमध्ये टिफ टाकलं, सगळ्या वर्षांच्या एकदम आल्या, थोड्या तपासल्या, सगळे फ्लेक्सच, कंट्रोल-ए दाबलं, म्हणजे सगळं एकदम निवडलं.

पोरगी मागं चहा घेऊन उभी होती. म्हणाली, आई थांब थांब, हे पान_०४७ काय आहे, मी बघतो जरा.

अण्णांची पानं. माझे सासरे पेंटर, साईनबोर्डवाले. तालमीचे बोर्ड, ट्रकच्या पाट्या, दुकानांची नावं, सगळं हातानं. त्यांची अक्षरांची वही होती, एकेका अक्षराची सात-आठ वळणं, रेघा आखून, कडेला पेन्सिलनं मापं. पुरात भिजली. आम्ही पान न् पान सोडवून पंख्याखाली वाळवली आणि बुरशी धरायच्या आत स्कॅन केली, ११२ पानं, ६०० रिझोल्यूशनला, एकेक पान १०० एमबीचं. कॉम्प्युटर नवा यायचा होता, दुसऱ्याचा आणला होता, म्हणून थेट याच डिस्कवर. कागद पुढं टिकले नाहीत, तुकडे व्हायला लागले. अण्णाही आता नाहीत.

११ जीबी. जगात एकच प्रत, आणि मी ती निवडून बोट डिलीटवर ठेवलेलं.

हात थरथरत होता, खोटं सांगत नाही. कीबोर्ड बाजूला सारला आणि आधी ती ११२ पानं कॉम्प्युटरवर घेतली, मग पोरीच्या लॅपटॉपवर, मग पेन ड्राइव्हवर. एकेक उघडून बघितलं की उघडतंय का, कारण कॉपी झाली म्हणजे उघडतंच असं नाही. त्यानंतरच परत टिफला हात लावला, वर्षावार, फोल्डर उघडून, शिफ्ट न दाबता. एकूण २९० जीबी गेल्या. सॉफ्टवेअरचे जुने सेटप वगैरे ४० गेले. घरच्या फोटोंना आज हात लावला नाही, ते थकलेल्या डोक्यानं करायचं काम नाही.

आता डिस्कवर ८५० च्या आसपास मोकळे आहेत. बॅकअप परत चालू केला, चार महिन्यांचं सगळं चाललंय. उद्या दुकान उघडायच्या आधी राजारामपुरीत जाऊन १ टीबीची दुसरी डिस्क आणायची, तिच्यावर फक्त जुनी कामं, श्रद्धांजलीचे फोटो आणि अण्णा. ती दुकानात राहील. ही मंगळवारी दादा येतोय तो एसटीनं गडहिंग्लजला घेऊन जाईल, त्याला फोन करून सांगितलंय की पिशवी खाली ठेवू नको, पाणी लागलं तर.

पोरगी अजून जागी आहे. पान_०४७ मोठं करून बसलीय, ळ ची वळणं आहेत त्यावर, कागद घेऊन बघून बघून काढतीय. बॅकअप ८७ टक्के झालाय. तो पुरा झाला की दिवा बंद करते.