हजेरीत आडनाव नव्हतं

इतिहासाचे सर आमचे वर्गशिक्षक झाले आणि हजेरी घेताना आडनाव उच्चारणं बंद झालं. हजेरीपटावर आडनावं होतीच, शाळेच्या दप्तराला ती लागतात. पण सर हाक मारायचे ती नुसत्या नावाने. एकाच नावाची दोघं असली तर वडिलांचं नाव जोडायचे. सातारकरांना आडनावाची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं आपल्याकडे कितीतरी जातींत आहेत, म्हणून माणसं लगेच पुढचा प्रश्न टाकतात, "कुठले जाधव?" सरांचं सांगणं एवढंच होतं की या वर्गात तो प्रश्न विचारायचा नाही. विचारावासा वाटलाच, तर का वाटला ते आधी उभं राहून सांगायचं. वर्षभरात कोणी उभं राहिलेलं मला आठवत नाही.

ते वर्ष 1978. मी सातवीत होते. जुलै महिन्यात विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि तिकडे दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. मराठवाडा इथून लांब. पण पेपर घरोघरी यायचा, मोठी माणसं ओट्यावर बसून बोलायची आणि ते ऐकलेलं सगळं आम्ही वर्गात घेऊन यायचो. एका मधल्या सुट्टीत त्यावरून दोन मुलांची चांगलीच जुंपली. दुसरे कोणी शिक्षक असते तर दोघांना अंगठे धरायला लावून विषय मिटवला असता. सरांनी त्या दोघांना जागेवर बसवलं आणि फळ्यावर रेल्वेलाईन काढली. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर. म्हणाले, "या स्टेशनांवरून कोण कोण गेलंय?" निम्म्या वर्गाने हात वर केले. कोणाची मावशी कऱ्हाडला, कोणाचा मामा मिरजेला. ही पॅसेंजर आमच्या ओळखीची होती.

मग त्यांनी बाबासाहेबांच्या लहानपणची, 1901 सालची हकिकत सांगितली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार. त्यांना भेटायला भिवा आंबेडकर हा मुलगा, त्याचा भाऊ आणि भाचरं साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूरला उतरली. अंगावर नवे कोरे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. न्यायला कोणी आलेलं नाही म्हणून स्टेशनमास्तर चौकशीला आला. पोरं चांगल्या घरची दिसतात, हे त्याने पाहिलं होतं. तुम्ही कोण, असं त्याने विचारलं, मुलांनी महार म्हणून सांगितलं आणि तो चार पावलं मागे सरकला. एकही बैलगाडीवाला त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही.

सर इथे थांबले आणि त्यांनी विचारलं, "स्टेशनमास्तर मागे सरकला तेव्हा त्या मुलांमध्ये काय बदललं होतं?" कपडे तेच, बोलणं तेच, वयही तेच. वर्गाला उत्तर सापडेना. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, गाडीवाल्याने पैसे कसे घेतले? पैशाला त्यांचा हात लागला होता ना?" सरांनी त्या प्रश्नावर उरलेला सगळा तास घालवला. पैसा चालतो आणि माणूस का चालत नाही, हा नियम कुठे लिहून ठेवलाय, लिहिलेला नसला तर तो पाळायला कोण लावतं, गाडीवाल्याने तो मोडला असता तर गावात त्याचं काय झालं असतं. मघाशी भांडलेल्या दोघांपैकी एकाने उत्तर दिलं, "त्याला वाळीत टाकलं असतं." सर म्हणाले, "म्हणजे तोही घाबरलेला होता. पण त्याच्या भीतीची किंमत पोरांनी मोजली." हे वाक्य मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं, म्हणून शब्दशः सांगता येतं.

हे सगळं सरांनी चरित्रात वाचून आम्हाला सांगितलं होतं. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी 1990 साली पुस्तकरूपाने निघाल्या. त्यात हा प्रवास वाचला तेव्हा मला मसूरचा फलाट माहीत होता, याचं मोल कळलं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर आम्हाला राजवाड्यावर घेऊन गेले. प्रतापसिंह हायस्कूलच्या आवारात उभं करून सांगितलं, की 7 नोव्हेंबर 1900 रोजी इथे या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत, म्हणजे आजच्या पाचवीत, घातलं. तेव्हा हे साताऱ्याचं सरकारी हायस्कूल होतं. तो बसायला घरून गोणपाट आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, कारण वर्ग झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला की पाणी नाही. रोज ज्या राजवाड्यावरून आम्ही भाजी आणायला जायचो, तिथलीच ही गोष्ट. मुलांना अन्याय शिकवायचा तर तो आपल्या पेठेतून सुरू करावा, हे सरांकडून घेतलं आणि आजवर त्याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. लांबच्या देशातला अन्याय पहिल्यांदा सांगितला की मुलं हळहळतात आणि मोकळी होतात.

लांबचं सर सांगत नसत असं मात्र नाही. आपल्याच जिल्ह्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिकडे गुलामी कायद्याने संपली 1865 मध्ये, म्हणजे मधे पुरती आठच वर्षं गेली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला हे तेव्हा कसं कळलं आणि त्याला त्यात आपलं काय दिसलं, यावर सरांनी आम्हाला निबंध घातला होता. मग माँटगोमेरी शहरातली बस आली. 1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला आणि त्यानंतर काळ्या लोकांनी 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला. त्याच्या नऊ महिने आधी, मार्चमध्ये, त्याच शहरात क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने असाच नकार देऊन अटक ओढवून घेतली होती. हे मला फार पुढे कळलं. आता मी मुलांना आधी तिचीच गोष्ट सांगते.

पण सरांचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते काम फॉर्मचं. त्या काळी बहुतेक शाळांत कारकून वर्गाच्या दारात येऊन ओरडायचा, "बी. सी.ची मुलं उभी राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म." मागासवर्गीय पोरं मान खाली घालून उठायची आणि बाकीची बघत राहायची. आमच्या वर्गाच्या दाराशी सर स्वतः गेले आणि फॉर्मचा गठ्ठा हातात घेऊन कारकुनाला परत पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक करून स्टाफरूममध्ये बोलावलं. प्रत्येकाला, ज्यांचा फॉर्मशी काही संबंध नव्हता त्यांनाही. मला विचारलं की शाळेत यायला किती चालावं लागतं, घरी अभ्यासाला दिवा आहे का, आई काय करते. एका कागदावर ते लिहीत होते. बाहेर आल्यावर "तुला काय विचारलं?" म्हणून सगळ्यांनी एकमेकांना विचारलं आणि सगळ्यांची उत्तरं सारखीच. कोणाचा फॉर्म भरला गेला ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा भरला होता, हे तिने मला तिच्या मुलीच्या लग्नात सांगितलं.

पुढे मी सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका झाले. प्रशिक्षणात आम्हाला अमेरिकेतल्या जेन इलियट या शिक्षिकेचा प्रयोग सांगितला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, 5 एप्रिल 1968 ला, आयोवातल्या एका गावात त्यांनी तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका गटाला चढवलं, दुसऱ्याला उतरवलं आणि मग गट उलटे केले. तिथली सगळी मुलं गोरी होती. भेदभाव त्यांना कुठेच सोसावा लागत नव्हता, म्हणून तो अंगावर घ्यायला लावला, हे मी समजू शकते. तरी आपल्या वर्गात असला खेळ कोणी करू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या वर्गात समोर बसलेल्या काही मुलांच्या घरी तो रोजचा आहे. ज्याला खरोखर बाजूला बसवलं गेलंय, त्याला पुन्हा धड्यासाठी बाजूला बसवायचं कशाला? त्यापेक्षा सरांचा स्टाफरूममधला कागद करावा.

पालक येतात. म्हणतात, "बाई, लहान आहेत हो, आत्ताच कशाला हे डोक्यात घालता?" मी त्यांना बसवते, चहा देते आणि सांगते की तुमच्या मुलाने परवा पोषण आहाराच्या रांगेत एकीला "काळी" म्हणून मागे ढकललं. डोक्यात आधीच काहीतरी घातलेलं असतं, आपण फक्त उशिरा पोचतो. बहुतेक आईबाप ऐकून घेतात. काही शाळा बदलतात.

राज्यात 7 नोव्हेंबर आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या महोत्सव समितीला माझी विनंती आहे की त्या दिवशी नुसता हार आणि भाषण नको. सातवीच्या मुलांना सकाळी राजवाड्यावर न्यावं आणि तिथून पॅसेंजरने मसूरला. तिकिटाचा खर्च आमची बॅच दरवर्षी उचलेल, त्यासाठीची पहिली रक्कम आम्ही कार्यालयात जमा केली आहे. सोबत एक शिक्षक असावेत, फलाटावर मुलांना अर्धा तास मोकळं बसू द्यावं आणि त्यांना काय विचारायचं असेल ते विचारू द्यावं. आमच्यातले दोघं-तिघं दरवर्षी बरोबर यायला तयार आहेत. मीही येईन.