एचटी-2 चं इंजिन माउंट: मिलिंग झालं, आता फायरवॉल

मंडळी, माझ्या एचटी-2 च्या मॉडेल विमानाचं माउंट (इंजिन धरून ठेवणारा भाग) एकदाचं मशीनवरून उतरलं. विमान माहीत नसेल तर, हा एचएएलचा (तेव्हाची हिंदुस्थान एअरक्राफ्ट) ट्रेनर, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं विमान, डॉ. वि. मा. घाटगेंच्या हाताखाली डिझाईन झालेला, पहिलं उड्डाण 1951 सालचं. खऱ्या विमानात सिरस मेजर, म्हणजे उलटं बसवलेलं चार सिलिंडरचं इनलाइन इंजिन, त्यामुळे नाक अरुंद. माझं मॉडेलचं 46 चं (0.46 घन इंच) ग्लो इंजिन उलटं बसतं छान पण नायलॉनच्या रेडीमेड माउंटचे कोपरे काउलला (इंजिनवरच्या झाकणाला) टेकतात, आणि मला राईट थ्रस्ट (इंजिनाचं तोंड 2 अंश उजवीकडे) माउंटमध्येच हवा होता, मागे वॉशर घालून दिलेला मला पटत नाही, माउंट फायरवॉलला (इंजिनामागच्या भिंतीला) पूर्ण टेकत नाही आणि व्हायब्रेशनने बोल्ट सैल होतात.

मटेरियल 6061-टी6 ॲल्युमिनियम, 55 मिमीचा चौकोनी बार, 60 मिमी लांब. भंगारातला तुकडा स्वस्तात मिळतो पण ग्रेड कळत नाही, इथे पैसे वाचवू नका.

सगळ्यात आधी मागची बाजू. 2 अंश हवेत म्हणजे 55 मिमी रुंदीत 1.9 मिमीचा फरक, व्हाइसमध्ये एका बाजूला तेवढं पॅकिंग घातलं आणि फेस मारला. डावी बाजू जाड राहिली पाहिजे (पायलटची डावी, समोरून बघणाऱ्याची नाही!), म्हणून कट घेण्याआधी जॉबवर मार्करने 'वर' आणि 'डावी' ठळक लिहून ठेवलं.

मग इंजिन बसायचा मधला गाळा, 10 मिमीचं दोन फ्लूटचं (धारांचं) एंड मिल कटर आणि ब्रशने रॉकेल, नाहीतर ॲल्युमिनियम कटरला चिकटून बसतं. गाळ्याच्या आतल्या कोपऱ्यात कटरची 5 ची गोलाई तशीच सोडलीय, तिथे काटकोन केला की तडा तिथूनच जाणार.

गाळ्याच्या दोन्हीकडे उरलेल्या, इंजिन पेलणाऱ्या हातांच्या वरच्या बाजू मात्र एकाच सेटिंगमध्ये, मध्ये व्हाइस अजिबात न सोडता मारल्या. त्या एका पातळीत नसतील तर बोल्ट आवळताना क्रँककेस पिळवटते आणि बेअरिंग, लायनर दोन्हीची वाट लागते. इंजिन नुसतं वर ठेवून चारही कोपऱ्यांत 0.05 मिमीची फीलर पट्टी (फट तपासायची पातळ पट्टी) घालून पाहिली, कुठेच शिरली नाही, खरं सांगतो फार बरं वाटलं 😊

होल 3.3 चं ड्रिल मारून एम4 चे आटे. 490 ग्रॅमचा ठोकळा होता, 76 ग्रॅम उरलाय, बाकी सगळा बुरादा.

आता फायरवॉल. तिथून प्रोपेलरमागच्या वॉशरपर्यंत 100 मिमी अंतर आहे म्हणजे 2 अंशात स्पिनर (प्रोपेलरवरची टोपी) 3.5 मिमी उजवीकडे सरकणार, म्हणून माउंटची होलं सेंटरलाइनपासून तेवढीच डावीकडे घेतोय, टी-नट (फायरवॉलमध्ये रुतून बसणारे नट) मागून. टाकीही खाली आणावी लागेल, इंजिन उलटं म्हणजे कार्बोरेटर खाली, टाकी आहे तिथेच ठेवली तर स्टार्ट करायच्या आधीच फ्युएल आत उतरून इंजिन फ्लड होईल. टाकीची मधली रेषा नीडलच्या (कार्बोरेटरच्या फ्युएल सुईच्या) 8-10 मिमी खाली धरून फोम कापायला घेतलाय.