उलटंच असतं

मंगळवार, रात्री साडेअकरा

आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला बटण आणि दिवा जोडला होता. पण बटण न दाबताच दिवा लागलेला, आणि दाबलं की विझत होता. दोन तास वायरी काढल्या, घातल्या, बटण उपटून आडवं लावून पाहिलं. चिनू पाणी प्यायला आला, प्रोग्रॅमवर नजर टाकून म्हणाला, "आई, ते उलटंच असतं," आणि गेला झोपायला.

तो 'च' लागला मला. आहे उलटं, पण 'च' कशाला? जगात सगळ्यांना ठाऊक आणि मीच एक राहिले असं वाटलं. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी नुसत्या खोचून जोडायची भोकांची पाटी, आणला तो एकटीनेच. यांचा सोल्डरिंगचा डबा अजून माळ्यावर आहे. असो.

मग शांतपणे वाचत बसले. आर्डुइनोची पिन, म्हणजे वायर जोडायची जागा, मोकळी सोडली तर ती ना धड शून्य असते, ना धड एक. शनिवारी नुसता हात जवळ नेला तरी दिवा फडफडत होता, तो त्यामुळेच. म्हणून चिपच्या आतला २० ते ५० हजार ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा रोधक, तिला ५ व्होल्टकडे धरून ठेवतो. प्रोग्रॅममधलं 'इनपुट_पुलअप' म्हणजे हेच, आणि तो शब्द मीच उदाहरणातून उतरवला होता. बटणाची दुसरी बाजू ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला. दाबलं की पिन थेट ग्राउंडला टेकते आणि वाचन शून्य येतं. १ म्हणजे कुणी हात लावलेला नाही.

उलटवायला आधी प्रोग्रॅममध्ये ~ घातलं, म्हणजे आकड्याचा प्रत्येक बिट उलटवणारं चिन्ह, तर दिवा विझेचना. शून्याचं होतं -१ आणि एकाचं -२. शून्य कोणतंच नाही, आणि शून्य नसलं की दिवा लागतो, म्हणून तो दोन्ही वेळा लागलेला. मग शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारं ! घातलं आणि दाबल्यावर लागला. पन्नासेक वेळा तरी दाबलं असेल.

तरी तो 'च' जाईना. मग आठवलं, सातवीत चिनू विचारायचा, ऋण गुणिले ऋण धन का? पोळ्या लाटता लाटता मी म्हणायचे, "असतंच ते तसं. पाठ कर." तोही तेव्हा असाच वही घेऊन आत गेला असेल. मी मागे वळून पाहिलं नव्हतं.

आता दाबल्याची मोजणी करायला गेले, तर एकदा दाबलेलं तीनदा मोजलं जातंय. बटणाच्या आतला पत्रा टेकताना थरथरतो म्हणे. उद्या चिनूला विचारीन. आधी त्याला खुर्ची देईन.