सोलापुरात बनणारी मुंबईची लोकल : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा पॉवरलूमच्या पार्टचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत अण्णांचं म्हणजे वडिलांचं छोटं वर्कशॉप, दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, आणि कामं सगळी लूमची, बुश, पिना, गिअर, असलंच. चादरीचा धंदा आक्रसत गेला तसं आमचंही काम कमी झालं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. रेल्वे मॉडेलचं वेड माझं. अण्णांचं म्हणणं सरळ होतं, मशीन रिकामं उभं राहण्यापेक्षा काहीतरी कापत राहू दे, पण पैसे देणारं गिऱ्हाईक असलं पाहिजे.

गिऱ्हाईक मिळालं. एक रिटायर्ड मोटरमन काका, मूळचे बार्शीकडचे, आता डोंबिवलीत. त्यांना जुनी पिवळी-चॉकलेटी लोकल पाहिजे होती, ती पण शोकेसमध्ये ठेवायची नको, रुळावर पळणारी पाहिजे. मी हो म्हणालो आणि पार्ट शोधायला लागलो.

आता लोकांना वाटतं की जगात एवढ्या मॉडेल कंपन्या आहेत, ऑनलाइन सगळं मिळतं, त्यात काय अवघड. मिळतं सगळं, बसत काही नाही. आम्ही एचओ स्केलमध्ये काम करतो, म्हणजे 1:87. मुंबईच्या लोकलचा डबा 12 फूट रुंद, साधारण 3.66 मीटर, त्याला 87 नं भागलं की 42 मिमी. युरोपातला डबा त्याच स्केलमध्ये जेमतेम 33 मिमी भरतो, त्यामुळं तिकडची तयार बॉडी घेऊन रंग मारायचा विचार पहिल्या दिवशीच संपला. जपानमध्ये लोकल गाड्यांची मॉडेल ढिगानं निघतात, कातो, टोमीटेक वगैरे, मोटर लावलेली चासी पण सुटी मिळते, पण तिकडचं बहुतेक काम एन गेजचं, 1:150, रूळ 9 मिमी. आपल्याला उपयोग शून्य.

मग रुळाचं भांडण. आपली ब्रॉडगेज 1676 मिमी, ती 1:87 मध्ये 19.3 मिमी होते. बाजारात मिळणारा एचओचा रूळ 16.5 मिमीचा, तो परदेशातल्या 1435 मिमीच्या स्टँडर्ड गेजचा हिशोब. 42 मिमीची बॉडी 16.5 वर ठेवली की समोरून बघताना धिप्पाड पैलवान पोराच्या सायकलवर बसल्यासारखा दिसतो. यावर हौशी लोकांत दोन पार्ट्या आहेत आणि दोघंही ऐकत नाहीत. आम्ही व्यवहार बघितला: पळवायची गाडी 16.5 वर, कारण रूळ, सांधे, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) सगळं तयार मिळतं, आणि नुसती ठेवायची असेल तर 19.3 चा रूळ आम्हीच करून देतो. बाजूनं बघितलं तर बोगीच्या (बोगी म्हणजे अख्खा डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा) फ्रेमआड हा फरक झाकला जातो, हे माझं स्पष्ट मत, भांडायचं त्यांनी भांडावं.

खरी गंमत बोगीत आहे. लोकलच्या बोगीत पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2896 मिमी, आपल्या आयसीएफच्या, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातल्या डब्याला असतं तेच. मॉडेलमध्ये 33.3 मिमी. युरोपातल्या बऱ्याच डब्यांना ते अडीच मीटर, म्हणजे 29 मिमीच्या आसपास. चार मिमी म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण ज्या माणसानं आयुष्यभर प्लॅटफॉर्मवरून ती गाडी बघितलीय त्याला लगेच कळतं की हे आखूड आहे. मग तयार बोगी शोधताना पाकिटावर कुठलं नाव लिहिलंय ते बघायचं बंद केलं, व्हर्निअर लावायचा आणि आकडा बघायचा. अमेरिकेचं असो, इंग्लंडचं ओओ स्केलचं असो, 33 भरलं तर आपलं. तरी मनासारखं सापडेना म्हणून शेवटी पुतण्यानं कॉम्प्युटरवर फ्रेम काढली आणि आता रेझिनमध्ये प्रिंट करतो. त्यात अॅक्सलचं, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक फिरायला पितळी कप बसवतो, तो लेथवरच टर्न होतो, आणि तिथं आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही की ओ.

चाकं सुरुवातीला बाहेरून मागवली. लोकलचं चाक 952 मिमी, मॉडेलमध्ये 11 मिमी धरा. 11 ची मिळतात, पण अॅक्सलची टोकापासून टोकापर्यंतची लांबी प्रत्येक कंपनीची वेगळी, इंग्लंडकडची साधारण 26 मिमी, युरोपची त्याहून आखूड, आणि हे विकणारा नीट लिहीतच नाही. एका सप्लायरनं तर मेटलची सांगून प्लॅस्टिकची पाठवली आणि परत घ्यायला कुरिअरचा खर्च आमच्यावर. मग अण्णा म्हणाले, एवढंसं चाक आपण करू शकत नाही का. आरपी-25 नावाचा चाकाच्या कडेचा प्रोफाइल आहे, अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेचा, त्याचं फॉर्म टूल, म्हणजे त्याच आकाराचं कटर, घासून घेतलं. दोन रुळांतून प्लस-मायनस येतो म्हणून एक चाक अॅक्सलपासून इन्सुलेट लागतं, त्याच्या बुशला नायलॉन कुठून आणायचं? लूमच्या पिकरसाठी जो नायलॉनचा रॉड यायचा तोच. अर्धी पेटी रॅकवर पडून होती.

तसंच खिडक्यांचं. लोकलच्या खिडकीच्या आडव्या गजांसाठी बारीक तार पाहिजे, सरळ, चपटी, गंजायला नको. पितळेची बारीक तार वाकते, हाताला धरवत नाही. शेवटी भंगारातल्या लूमच्या फणीत सापडली. फणी उसवली की शेकडो पट्ट्या निघतात, सगळ्या एका जाडीच्या, ताणलेल्या, चकचकीत. रेझिनच्या चौकटीत खाच ठेवायची आणि चिमट्यानं एकेक सरकवायची. नावालाच सोपं आहे, डोळ्यांची वाट लागते. स्केलनं बघितलं तर गज थोडे जाड होतात, पण दिसायला झकास.

पेंटोग्राफ, म्हणजे छपरावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा, मात्र मागवतोच. जर्मनीची सोमरफेल्ट कंपनी त्यातली जुनी, डायमंड टाइप पण मिळतो. जुन्या लोकलला तो डायमंडच शोभतो. मोडला तर आमच्या ओळखीचा सोनार झाळून देतो, त्याला पहिल्यांदा दाखवला तेव्हा म्हणाला हा कुठला दागिना. मोटर 12 व्होल्टची, दोन्ही बाजूला शाफ्ट असलेली लागते, म्हणजे दोन्ही बोग्यांना चाल देता येते, ती पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधून बघितली, एका बाजूचीच जास्त मिळते. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जायचं, रिकाम्या हातानं यायचं. आता चीनमधून पाकिटं मागवतो, कस्टमचा हिशोब धरूनच भाव काढायचा.

वजनाचा नियमही एनएमआरएचाच: 1 औंस, आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला डबा 238 मिमी म्हणजे साधारण 160 ग्रॅम पाहिजे. रेझिनची बॉडी कुठली एवढी भरते? टायरवाल्याकडं बॅलन्सिंगच्या चिकटपट्टीच्या वजनांचे तुकडे मिळतात, 5-5, 10-10 ग्रॅमचे, फ्लोअरखाली लावले की काम झालं.

काकांची गाडी पोचली, त्यांनी व्हिडिओ मित्रांना पाठवला, आणि तिथून फोन सुरू झाले. लूमचं काम अजून आहे, पण आता महिन्याचा खर्च निम्मा लोकलवर निघतो. बारा डब्यांची रेक सगळ्यांनाच पाहिजे असते, पण ती तीन मीटरच्या जवळ जाते आणि मुंबईच्या फ्लॅटमध्ये तेवढी भिंत सलग नसते, म्हणून खरी विक्री तीन डब्यांच्या युनिटची, मधला मोटर कोच. सुटे भागही देतो, 33.3 ची बोगी आणि 11 ची चाकं सगळ्यात जास्त जातात, आयसीएफचे मेल-एक्सप्रेस डबे करणारेही तीच बोगी विचारतात, अंतर तेच, फ्रेम वेगळी काढून देतो.

ऑर्डर देताना फक्त काळ सांगा. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आणि 2016 मध्ये हार्बरवरून डीसी गेलं तेव्हा मुंबई पूर्ण 25 हजार व्होल्ट एसीवर आली. मधल्या काळात छप्पर, पेंटोग्राफ, रंग सगळं बदललं. सीमेन्सच्या जांभळ्या-पांढऱ्या रेकला छपरावर हवेचे ब्लोअर आहेत, जुनीला नाहीत. नुसतं 'लोकल पाहिजे' म्हणालात तर आम्ही पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि जमलं तर तुमच्याकडचा एखादा जुना फोटो पाठवा, छपराचा असला तर फारच बरं, कारण छपराचे फोटो कुणी काढलेलेच नसतात.