अकरा सेकंदांची शांतता

गेल्या आठवड्यात रात्री पावणेदोनच्या सुमारास, सव्वा तास एकट्यानेच बोलून झाल्यावर, मी एक वाक्य अर्ध्यावर सोडले आणि गप्प बसलो. पुढे काय म्हणायचे होते तेच आठवेना. दुसऱ्या दिवशी संपादनाला बसलो तेव्हा पडद्यावर ती जागा लगेच दिसली. दोन्ही बाजूंना ध्वनिलहरींचे दाट काटेरी रान होते आणि मध्ये एक सरळ रेघ होती. मोजली तर अकरा सेकंद भरली. हेडफोन लावून नीट ऐकले, तेव्हा त्या रेघेतही खुर्चीची बारीकशी करकर, एक गिळलेला आवंढा आणि बोलण्यासाठी घेतलेला पण वाया गेलेला एक श्वास सापडला. ही रेघ कापावी की राहू द्यावी, या विचारात माझी अख्खी सकाळ गेली.

मी ज्या प्रकारचा पॉडकास्ट करतो त्यात संहिता नसते, पाहुणा नसतो आणि वेळेचे बंधनही नसते. मध्यरात्रीनंतर मायक्रोफोन सुरू करायचा आणि डोक्यात येईल ते, येईल त्या क्रमाने, दोन-दोन तास बोलत राहायचे, एवढाच त्याचा आराखडा आहे. समीक्षेच्या भाषेत याला संज्ञाप्रवाह, म्हणजे विचार मनात जसे वाहतात तसेच ते मांडणे, म्हणता येईल. घरची मंडळी गुऱ्हाळ म्हणतात, आणि बहुतेक भागांच्या बाबतीत तेच बरोबर असते, हे मला मान्य आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली मानसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात विचारांच्या या वाहण्याची तुलना पक्ष्याशी केली होती. पक्षी उडतो, बसतो, पुन्हा उडतो. तसेच मनही काही ठिकाणी विसावते आणि मधला काळ एका विसाव्याकडून दुसऱ्याकडे जाण्यात घालवते. आपल्या लक्षात राहतात ते विसावे. मधले उड्डाण पकडू पाहणे म्हणजे अंधार कसा दिसतो हे पाहण्यासाठी घाईघाईने दिवा मोठा करण्यासारखे आहे, असे त्याने म्हटले होते. नेटका संपादित केलेला कार्यक्रम ऐकताना मला हा दिवा नेहमी आठवतो. त्यात एकामागून एक विसावे असतात, प्रत्येक वाक्य कुठेतरी पोचलेले असते. पण ते तिथवर आले कसे, हे कापून टाकलेल्या भागात राहून गेलेले असते.

सुरुवातीच्या दिवसांत मीही तेच करत असे. संपादनाच्या प्रणालीत ठरावीक लांबीपेक्षा मोठी शांतता आपोआप आखडून घेण्याची सोय असते. ती एका संपूर्ण भागाला लावली आणि दोन तासांची पावणेदोन तासांत बोळवण केली. ऐकून पाहिले तर बोलणारा माणूस मी नव्हतोच. सगळे शब्द माझे होते. परंतु कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखा तो धावत होता. ज्या ठिकाणी मी खरोखर अडखळलो होतो, तिथे तो छातीठोकपणे पुढे निघून गेला होता. तो भाग मी प्रसिद्ध केला नाही.

असे बोलणे पॉडकास्टने जन्माला घातले, अशी समजूत असल्यास ती चुकीची आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर या रेडिओ केंद्रावर १९५६ साली जीन शेपर्ड रात्रभर एकटाच बोलत असे. बालपणीच्या आठवणीवरून तो शहरातल्या माणसांवर घसरे, तिथून आणखी कुठेतरी जाई आणि श्रोत्याने आशा सोडल्यावर पुन्हा मूळपदावर येई. आपल्या श्रोत्यांना तो रात्रीची माणसे म्हणे. मुळात नसलेल्याच एका पुस्तकाची दुकानोदुकानी जाऊन मागणी करा, असे त्याने त्यांना सुचवले आणि त्यांनी खरोखरच केली. घड्याळाकडे न पाहता बोलणाऱ्यावर ऐकणारे किती जीव टाकतात, याचा हा मला तरी सर्वांत खात्रीचा पुरावा वाटतो.

रेडिओच्या बाबतीत रात्रीला एक भौतिक कारणही होते. सूर्य मावळला की वातावरणाचा मध्यम लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि दिवसा जवळपासच ऐकू येणारे केंद्र शेकडो किलोमीटरवर लागते. पॉडकास्टला असले काही लागत नाही. रात्री दोनला मुद्रित केलेले बोलणे लोक सकाळी अकरा वाजता भांडी घासताना ऐकतात. तरीही मी रात्रच धरून बसलो आहे, कारण तेव्हा आवाज बदलतो. थकलेला माणूस नकळत मायक्रोफोनकडे झुकतो, आणि एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनची खोड अशी की तोंड जितके जवळ, तितका खर्ज जास्त. पहिल्या दहा मिनिटांत मी वीतभर अंतरावरून, जरा सभेत उभा राहिल्यासारखा बोलतो; तासाभराने अंतर चार बोटांवर येते आणि बोलणे कानाशी होऊ लागते. याचे श्रेय माझ्या चिंतनाला देण्याचा मोह होतो, पण त्यातला निम्मा वाटा पेंगुळलेल्या मानेचा असावा.

अर्थात, तोंडाला येईल ते बोलणे म्हणजे संज्ञाप्रवाह नव्हे. भरकटण्यासाठीसुद्धा एक खुंटी लागते. मी समोर एका चिठ्ठीवर तीन शब्द लिहून ठेवतो आणि शक्यतो त्यांच्याकडे पाहत नाही. २०१३ पासून चालू असलेल्या ‘स्लीप विथ मी’ या पॉडकास्टमध्ये मुद्दाम लांबवलेल्या, आडवळणी गोष्टी सांगतात, कारण त्याचा हेतूच ऐकणाऱ्याला झोप लागावी हा आहे. तिथे धागा सुटला तर बिघडत नाही. माझ्या श्रोत्याने मात्र जागे राहून, मी परत येतो की नाही हे पाहावे, अशी माझी अपेक्षा असते, आणि ती दर वेळी पुरी होण्याइतका मी शहाणा नाही.

दोन तासांचे मूळ मुद्रण, एकाच ध्वनिवाहिनीत (मोनो) घेतले तरी, सुमारे ६३५ मेगाबाइट भरते. प्रसिद्ध करताना आकुंचित केल्यावर ते ५८ च्या आसपास येते. त्या आकुंचनात शांततेला जागा जवळजवळ फुकट मिळेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ठरावीक दराने आकुंचित केलेल्या फाइलमध्ये गप्प बसलेला सेकंद आणि बोललेला सेकंद सारखीच जागा घेतात.

अकरा सेकंद मी ठेवली. त्यानंतरचा खोकला मात्र कापला.